ग्रंथाचा धनी आणि विद्येचा अर्थी

विद्या दिल्यानें वाढते, हें वाक्य महाराष्ट्रांतील मुलाच्या कानांवर शाळेंत जाण्यापूर्वींच पडतें. परंतु ती विद्या ज्या ग्रंथांतून मिळवावयाची, तो ग्रंथ मात्र दिल्यानें वाढत नाहीं. तो लिहावा लागतो, छापावा लागतो, विकत घ्यावा लागतो. लिहिणारास पोट असतें, छापणाराचें भांडवल गुंतलेलें असतें, आणि वाचणाराच्या खिशांत पुष्कळदां कांहींच नसतें. ह्या तिघांच्या ओढाताणींतून जो कायदा निर्माण झाला त्यास ग्रंथस्वामित्वाचा कायदा, किंवा सर्वांच्या तोंडीं असलेल्या शब्दांत कॉपीराइटचा कायदा, म्हणतात. महाविद्यालयांतील अध्यापकानें दुसऱ्याच्या ग्रंथांतील एखादें प्रकरण आपल्या विद्यार्थ्यांस नकलून द्यावें कीं न द्यावें, हा त्या कायद्यांतील एक लहानसा प्रश्न होय. तथापि ज्या देशांत पुस्तक विकत घेणें हें पुष्कळ घरांतून आजहि चैनीचें समजलें जातें, तेथें ह्या लहानशा प्रश्नाच्या उत्तरावर असंख्य विद्यार्थ्यांचें शिक्षण अवलंबून असतें.

मुद्रणकला येण्यापूर्वीं असा तंटा उद्भवत नव्हता. पोथी नकलून घेण्याचे श्रम हेंच तिचें मोल होतें; आणि पोथी लिहवून विद्वानास अर्पण करणें हें आपल्याकडे पुण्यकर्म मानीत. छापखान्यानें श्रम हलके केले आणि त्याबरोबर नफा व भांडण हीं दोन्ही जन्मास घातलीं. इंग्लंडांत १५५७ सालीं राजसनद मिळवून लंडनच्या स्टेशनर्स कंपनीनें ग्रंथांच्या छपाईची मक्तेदारी आपल्या हातीं घेतली. छपाईच्या परवान्यांचा कायदा १६९५ सालीं संपुष्टांत आला तेव्हां ही मक्तेदारी ढिली पडली. आणि १७१० सालीं राणी ॲनच्या कारकीर्दींत पार्लमेंटनें जो कायदा केला, तो जगांतील पहिला ग्रंथस्वामित्वाचा कायदा मानला जातो.

ह्या कायद्याचें शीर्षक लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याचा आरंभ ग्रंथकाराच्या मालमत्तेच्या रक्षणापासून होत नाहीं, तर विद्येच्या उत्तेजनापासून होतो. नव्या ग्रंथाच्या कर्त्यास चौदा वर्षांचा हक्क मिळाला, आणि तेवढ्या मुदतीनंतर तो जिवंत असल्यास आणखी चौदा वर्षांचा. त्याच्या मोबदल्यांत प्रत्येक ग्रंथाच्या नऊ प्रती ऑक्सफर्ड, केंब्रिज व स्कॉटलंडांतील विद्यापीठें इत्यादि ठिकाणच्या ग्रंथालयांसाठीं द्याव्यात, असें बंधन घालण्यांत आलें. म्हणजे जन्माच्या वेळींच ह्या कायद्यानें विद्या हें साध्य आणि स्वामित्व हें त्याचें साधन ठरविलें होतें. पुढील तीनशें वर्षांच्या वादांत ह्या दोहोंपैकीं कोणतें साध्य व कोणतें साधन, ह्याचाच विसर वारंवार पडत गेला.

पुस्तकविक्यांनीं हा हक्क अनंतकाळ टिकावा म्हणून पुष्कळ खटपट केली. ती १७७४ सालीं लॉर्डांच्या सभेनें ‘डोनाल्डसन विरुद्ध बेकेट’ ह्या निर्णयानें मोडून काढली. मुदत संपली कीं ग्रंथ सर्वांचा झाला. परंतु दुसऱ्याच वर्षीं ऑक्सफर्ड व केंब्रिज ह्या विद्यापीठांनीं आणि आणखी कांहीं विद्यालयांनीं पार्लमेंटकडून आपल्यापुरता निराळा कायदा करून घेतला, आणि त्यांस मिळालेल्या ग्रंथांवर त्यांचा कायमचा हक्क मान्य करविला. त्या उत्पन्नानें विद्येचा प्रसार होईल, असें कारण त्या वेळीं देण्यांत आलें. हा कायमचा हक्क १९८८ च्या इंग्लिश कायद्यानें रद्द होऊन त्यास २०३९ अखेरची मुदत पडली. ह्याच दोन विद्यापीठांचे छापखाने पुढें एका भारतीय विद्यापीठाविरुद्ध फिर्यादी होऊन उभे राहिले, म्हणून ही गोष्ट येथें नमूद करणें अवश्य आहे.

एकोणिसाव्या शतकांत मुदत वाढविण्याचा प्रश्न पुन्हां पार्लमेंटपुढें आला, तेव्हां त्यास कसून विरोध करणारा गृहस्थ हिंदुस्थानास चांगलाच परिचित होता. १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळें ज्याचें नांव आपल्याकडे गाजलें, त्याच मेकॉलेनें १८४१ सालीं कॉमन्स सभेंत असें प्रतिपादन केलें कीं, ग्रंथस्वामित्व हा लेखकास बक्षीस देण्याकरितां वाचकांवर बसविलेला एक कर आहे. बक्षीस आवश्यक असल्यानें कर सोसला पाहिजे, परंतु आवश्यकतेपलीकडे तो एक दिवसहि लांबूं नये. त्यानंतर १८४२ चा इंग्लिश कायदा झाला आणि त्याच्या पाठोपाठ कंपनी सरकारनें १८४७ सालीं विसावा कायदा करून हा हक्क हिंदुस्थानांत लागू केला.

अध्यापक व विद्यार्थी ह्यांचा कायद्यांत स्पष्ट विचार होण्यास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें. १९११ चा इंग्लिश कायदा थोड्या फेरफारानें १९१४ सालीं हिंदुस्थानास लागू झाला. त्यांत दोन सवलती होत्या. एक, खाजगी अभ्यास, संशोधन, टीका व परीक्षण ह्यांकरितां ग्रंथाचा रास्त वापर केल्यास हक्काचा भंग होत नाहीं. दुसरी, शाळांसाठीं प्रामाणिकपणें तयार केलेल्या वेंच्यांच्या पुस्तकांत हक्क चालू असलेल्या ग्रंथांतील लहान उतारे घेण्यास मुभा. मात्र एका प्रकाशकानें पांच वर्षांत एका ग्रंथकाराचे दोहोंपेक्षां अधिक उतारे घेऊं नयेत आणि मूळ ग्रंथाचा निर्देश करावा. पहिल्या सवलतींत ‘रास्त’ हा शब्द आहे, दुसरींत आंकडा आहे. मोजून ठरवावें कीं हेतु पाहून ठरवावें, ह्या पुढील सर्व वादाचें बीज ह्या दोन कलमांत आहे.

ह्याच सुमारास मुंबईंत एक खटला उभा राहिला. प्लूटार्कनें लिहिलेल्या अलेक्झांडरच्या चरित्राचें सर टॉमस नॉर्थ ह्यानें सोळाव्या शतकांत इंग्रजी भाषांतर केलें होतें. त्यावर कोणाचाच हक्क उरला नव्हता. लंडनच्या मॅकमिलन कंपनीनें तें संक्षिप्त करून, शाळेंतील मुलांस अयोग्य वाटणारा भाग गाळून, प्रस्तावना व टीपा जोडून १९१८ सालीं प्रसिद्ध केलें. शैक्षणिक पुस्तकांचा व्यापार करणाऱ्या मुंबईच्या के. अँड जे. कूपर ह्या प्रकाशकांनीं त्यानंतर त्याच चरित्राची आपली आवृत्ति काढली. तिच्यांतील संक्षेप मॅकमिलनच्या संक्षेपाशीं बव्हंशीं जुळत होता आणि टीपाहि पुष्कळ ठिकाणीं तिकडूनच उचललेल्या होत्या. वाद मुंबईच्या उच्च न्यायालयांतून लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढें गेला.

लॉर्ड ॲटकिन्सन ह्यांनीं १९२३ च्या डिसेंबरांत दिलेला निर्णय दोन्ही पक्षांस कांहीं देणारा आणि दोघांपासूनहि कांहीं घेणारा होता. जुन्या भाषांतरांतून नुसता मजकूर गाळून राहिलेला जोडून घेतल्यानें नवा ग्रंथ निर्माण होत नाहीं. सबब संक्षिप्त संहितेवर मॅकमिलनचा हक्क नाहीं. टीपांची गोष्ट निराळी. त्या लिहिण्यास वाचन, विवेक व परिश्रम लागले होते. त्यांवर हक्क होता आणि तो मोडला गेला होता. एकाच्या श्रमाचें, कौशल्याचें व भांडवलाचें फळ दुसऱ्यानें बळकावूं नये, हें तत्त्व ह्या निर्णयानें हिंदुस्थानांत दृढ केलें. दोन व्यापाऱ्यांचें हें भांडण होतें. विद्यार्थी हा दोघांचेंहि गिऱ्हाईक. ज्याच्या नांवानें पुस्तकें निघत होतीं, त्याचें म्हणणें ऐकण्याचा प्रसंग त्या खटल्यांत आला नाहीं.

स्वातंत्र्यानंतर १९५७ सालीं भारतानें स्वतःचा ग्रंथस्वामित्वाचा कायदा केला आणि २१ जानेवारी १९५८ पासून तो अंमलांत आला. त्याच्या बावन्नाव्या कलमांत, हक्काचा भंग न होणाऱ्या गोष्टींची एक लांबलचक यादी आहे, आणि तीत शिक्षणाचा भाग मोठा आहे. वेंच्यांच्या पुस्तकांची जुनी सवलत, पांच वर्षें व दोन उतारे ह्या मर्यादेसह, कायम राहिली. पण तिच्या शेजारीं आणखी एक कलम आलें : अध्यापनाच्या ओघांत शिक्षकानें अथवा विद्यार्थ्यानें कोणत्याहि ग्रंथाची केलेली नक्कल, तसेंच परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेंत व उत्तरांत घेतलेला मजकूर, हा हक्काचा भंग नव्हे. ह्या कलमांत पानांची संख्या नाहीं, शब्दांची मोजदाद नाहीं. महाविद्यालयांतील नाट्यप्रयोगासहि, प्रेक्षक तेथील शिक्षक, विद्यार्थी व पालक एवढेच असतील तर, ह्या यादींत स्थान मिळालें; आणि भारतांत विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रतींपर्यंत नकला करून घेण्याची मोकळीक सार्वजनिक ग्रंथालयांस मिळाली.

मार्गदर्शक पुस्तकांचा प्रश्नहि लवकरच न्यायालयांत आला. प्रख्यात इंग्रज कादंबरीकार ई. एम्. फॉर्स्टर ह्यांनीं आपल्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ ह्या कादंबरीवर मद्रासेंत निघालेल्या एका विद्यार्थी-मार्गदर्शकाविरुद्ध दावा लावला. १९६४ सालच्या निकालांत मद्रास उच्च न्यायालयानें तो मान्य केला नाहीं. विद्यार्थ्यास कादंबरी समजावून देणारें पुस्तक म्हणजे कादंबरीची चोरी नव्हे, असें ठरलें.

तोंपर्यंत हा प्रश्न आंतरराष्ट्रीय झाला होता. नव्यानेंच स्वतंत्र झालेल्या देशांस शाळा-महाविद्यालयांकरितां पाश्चात्त्य ग्रंथ स्वस्तांत हवे होते. १९६७ सालीं स्टॉकहोमच्या परिषदेंत भारतानें त्यांची बाजू नेटानें मांडली; तेथें मिळालेल्या सवलती मोठ्या प्रकाशक राष्ट्रांस मान्य झाल्या नाहींत, आणि १९७१ सालीं पॅरिस येथें त्यांची काटछाट होऊन नवा करार झाला. त्यास अनुसरून भारताच्या कायद्यांत १९८३ सालीं दुरुस्ती झाली. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून शास्त्रीय विषयांत तीन, कथा-काव्यादिकांत सात व इतर विषयांत पांच वर्षांत तो येथें रास्त किमतीस न मिळाल्यास, तो छापण्याचा परवाना मागण्याची सोय त्यांत आहे. परंतु सत्राच्या आरंभीं वाचनाची यादी हातांत पडलेल्या विद्यार्थ्यास तीन किंवा पांच वर्षें वाट पाहण्याच्या कायद्याचा काय उपयोग? त्याचा उपाय त्यानें आधींच शोधला होता; तो महाविद्यालयाच्या फाटकाशीं असलेल्या झेरॉक्सच्या दुकानांत.

असेंच एक दुकान दिल्ली विद्यापीठाच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें होतें. नांव रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस. विद्यापीठानें त्यास परवाना दिला होता. नक्कल पानास चाळीस पैसे दरानें करून द्यावयाची. अध्यापकांनीं नेमलेल्या ग्रंथांतील प्रकरणें ग्रंथालयांतून आणून, त्यांच्या नकला एकत्र बांधून तेथें विद्यार्थ्यांस मिळत. अशा गठ्ठ्यास कोर्स-पॅक म्हणतात. २०१२ च्या ऑगस्टांत ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस व टेलर अँड फ्रान्सिस ह्या प्रकाशकांनीं दुकानाविरुद्ध व विद्यापीठाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयांत दावा लावला आणि साठ लाख रुपयांची नुकसानभरपाई मागितली. ऑक्टोबरांत न्यायालयानें तात्पुरता मनाईहुकूम दिला व कोर्स-पॅकची विक्री थांबली.

प्रकाशकांचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नव्हतें. शास्त्रीय ग्रंथ थोड्या संख्येनें खपतात. त्यांचें संपादन, परीक्षण व छपाई ह्यांस मोठा खर्च येतो. विद्यापीठानें नकला करूंच नयेत असें ते म्हणत नव्हते. परवाना-संस्थेमार्फत अल्प फी भरून त्या कराव्यात, एवढीच त्यांची मागणी होती. कायद्यांतील सवलत वर्गांत शिकविणाऱ्या शिक्षकास आहे, पैसे घेऊन गठ्ठे विकणाऱ्या दुकानास नाहीं. आणि उताऱ्यांचा संग्रहच करावयाचा तर त्यास वेंच्यांच्या पुस्तकांची मर्यादा लागू झाली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अमेरिकेंत १९९१ सालीं न्यूयॉर्कच्या संघ-न्यायालयानें किंकोज ह्या नकला करणाऱ्या कंपनीस अशाच गठ्ठ्यांबद्दल पांच लाख दहा हजार डॉलरांची भरपाई देण्यास भाग पाडलें होतें. मात्र अमेरिकेच्या कायद्यांत, वापरामुळें मूळ ग्रंथाच्या बाजारावर काय परिणाम होतो हें स्पष्टपणें पाहावें लागतें. आणि भारतीय कायद्यांत आहे तसें अध्यापनाचें स्वतंत्र, मर्यादारहित कलम तेथें नाहीं.

ह्या वेळीं मात्र, मुंबईच्या खटल्यांत जो गैरहजर होता तो विद्यार्थी स्वतः न्यायालयांत आला. विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या संघटनांनीं खटल्यांत सामील करून घेण्याची विनंति केली व ती मान्य झाली. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन ह्यांनीं आपल्या प्रकाशकांस फेरविचार करण्याविषयीं लिहिलें. देशोदेशींच्या शेंकडों विद्वानांनीं दाव्याविरुद्ध निवेदन काढलें. त्यावर सही करणारांत, ज्यांच्या ग्रंथांवरून हा दावा उभा होता, असेहि कांहीं ग्रंथकार होते. ग्रंथाचा धनी आणि ग्रंथाचा कर्ता हे नेहमींच एकाच बाजूस उभे असतात असें नाहीं, हें त्यावरून दिसून आलें.

१६ सप्टेंबर २०१६ रोजीं न्यायमूर्ति राजीव सहाय एंडलॉ ह्यांनीं दावा फेटाळला. ग्रंथस्वामित्व हा ईश्वरदत्त किंवा निसर्गदत्त हक्क नसून लोकांच्या बौद्धिक समृद्धीकरितां कायद्यानें निर्माण केलेला हक्क आहे, असें त्यांनीं म्हटलें. आपल्या विद्यार्थिदशेंतील आठवणहि त्यांनीं निकालपत्रांत नमूद केली : नकलांचें यंत्र दुर्मिळ व महाग असतां विद्यार्थी पाळीपाळीनें ग्रंथालयांत बसून प्रकरणेंच्या प्रकरणें हातानें उतरवून घेत. जें हातानें करणें गुन्हा नव्हता, तें यंत्रानें केल्यामुळें गुन्हा कसा होईल, असा त्यांचा प्रश्न होता.

प्रकाशकांनीं अपील केलें. न्यायमूर्ति प्रदीप नंदराजोग व न्यायमूर्ति योगेश खन्ना ह्यांच्या खंडपीठानें ९ डिसेंबर २०१६ रोजीं दिलेला निर्णय अधिक तोलून दिलेला आहे. अध्यापन म्हणजे वर्गांतील तासभराचें व्याख्यान एवढेंच नव्हे. अभ्यासक्रम ठरविण्यापासून परीक्षेपर्यंतचा सारा क्रम त्यांत येतो. दुकानदाराच्या हातून नक्कल झाली म्हणून हेतु बदलत नाहीं. नकलेच्या पानांची संख्या हा निकष नव्हे. त्या अध्यापनाच्या हेतूस जितकें आवश्यक तितकें घेतलें कीं नाहीं, हा निकष. शिवाय वाचनाच्या यादींतील प्रत्येक ग्रंथ विद्यार्थी विकत घेता, असें मानणें व्यर्थ आहे. शिक्षणानें वाचते लोक वाढतात, आणि त्यांतूनच उद्यांचा ग्राहक निर्माण होतो. मनाईहुकूम मिळाला नाहीं. परंतु दावा पूर्णपणें संपविण्याऐवजीं एक गोष्ट पुराव्यानें ठरविण्यासाठीं खंडपीठानें तो परत पाठविला : प्रस्तुत कोर्स-पॅकमधील मजकूर अध्यापनाच्या हेतूस खरोखर आवश्यक होता काय, आणि कांहीं ग्रंथांची समग्र नक्कल त्यांत बसते काय?

हा पुरावा कधींच घेतला गेला नाहीं. मार्च २०१७ मध्यें प्रकाशकांनीं दावा काढून घेतला. परवाना-संस्थेनें सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली, पण त्या न्यायालयानें मे २०१७ मध्यें हस्तक्षेप करण्याचें नाकारलें. तत्त्व ठरलें, त्याचें माप मात्र कोणत्याहि न्यायाधीशानें घालून दिलें नाहीं.

ह्याचा अर्थ असा कीं, तें माप आतां अध्यापकाच्या हातीं आलें आहे. पांच वर्षें व दोन उतारे मोजणें सोपें होतें. हेतु तपासणें अवघड आहे. जें पुस्तक परदेशांत छापलेलें, ज्याची किंमत विद्यार्थ्याच्या महिन्याच्या खर्चाइतकी, आणि ज्यांतील एकच प्रकरण अभ्यासास लागतें, त्याची नक्कल करतांना अध्यापकानें संकोच बाळगण्याचें कारण नाहीं. कायद्यानें त्यास दिलेली ती भीक नव्हे, विद्येच्या उत्तेजनार्थ राखून ठेवलेला तो हक्क आहे. पण मराठींत एखाद्या प्राध्यापकानें वर्षानुवर्षें खपून पाठ्यपुस्तक लिहावें, पुण्यामुंबईच्या एखाद्या लहानशा प्रकाशकानें तें हिमतीनें छापावें, आणि ज्यांच्याकरितां तें लिहिलें त्याच विद्यार्थ्यांनीं त्याची पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत नक्कल काढावी, हें त्याच निकषावर टिकणें कठीण. तेथें ग्राहक उद्यां निर्माण व्हावयाचा नसतो; तो समोरच बसलेला असतो. असें पुस्तक पुन्हां कोणी लिहिलें नाहीं, तर त्याचा तोटा पुढच्या वर्षींच्या विद्यार्थ्यासच भोगावा लागेल.

राणी ॲनच्या कायद्यानें ग्रंथकारास हक्क दिला तो विद्येसाठीं, आणि ग्रंथालयांस नऊ प्रती देवविल्या त्याहि विद्येसाठींच. दोन्ही गोष्टी एकाच कायद्यांत, एकाच शीर्षकाखालीं होत्या. सत्राच्या आरंभीं वाचनाची यादी करावयास बसलेल्या अध्यापकानें त्या दोन्ही एकाच वेळीं डोळ्यांपुढें ठेवल्या, तर दिल्लीच्या न्यायालयांत जो पुरावा घ्यावयाचा राहून गेला, तो त्याच्या वर्गांत रोज घेतला जाईल.